सोपानमामा भाचीला द्यायला अमेरिकेला जातो

शहाण्यांचा काहीच तोटा नव्हता अशा एका गावात सोपान कुदळे नावाचा एकच भोळा माणूस होता. डॉक्टरनं एकदा त्याला सांगितलं, "ही गोळी जेवणावर घ्या." सोपाननं गोळी भाकरीवर ठेवली आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात गोळी कोंबडीनं खाल्ली. ताप सोपानचा उतरला. सांगितलेलं तंतोतंत करावं, यावर त्याचा विश्वास तेव्हापासून बसला तो बसलाच.

सोपानला बायको-पोरं नव्हती. एक भाची होती, रेणुका. नऊ वर्षांची असताना तिचे आईबाप गेले आणि मामानं तिला घरी आणलं. तिची वेणी तो घालायचा. दावं वळायची सवय होती, त्यामुळं वेणी घट्ट बसायची. पोर शिकली, अमेरिकेला गेली, आणि तिथल्या डग्लस नावाच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली.

तिनं फोन केला. "मामा, इथं नवरीला हाताला धरून मांडवात आणतात आणि नवऱ्याच्या हाती देतात. ते वडिलांनी करायचं असतं. माझे वडील तुम्हीच."

मामा दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी पासपोर्टच्या रांगेत उभा राहिला. इंग्रजीची त्याला चिंता नव्हती. दहावीला तीनदा बसल्यामुळं इतरांपेक्षा त्याला ते तिप्पट येत होतं.

मामा अमेरिकेत उतरला तेव्हा लग्नाला तीन आठवडे होते. अमेरिकेत लग्न मुलगा-मुलगीच ठरवतात, आई फक्त नापसंत करते. डग्लसची आई लोरेन ते काम मनापासून करत होती. ती म्हणाली होती, "आधी मुलीची माणसं कशी आहेत ते बघू."

म्हणून विमानतळावरच रेणुका म्हणाली, "मामा, इथल्या रीती वेगळ्या आहेत. आम्ही सांगू तसं करा."

"पोरी, मी आजवर दुसरं काय केलंय?" मामा म्हणाला.

हे खरं होतं. तीच तर अडचण होती.

पहिल्याच दिवशी लोरेनबाई दोघांना दुकानात घेऊन गेल्या. पैसे घेणाऱ्या मुलीनं हसून मामाला विचारलं, "आज कसे आहात?"

इतक्या आपुलकीनं गावातही कुणी विचारलं नव्हतं. मामानं टोपली खाली ठेवली आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. मग पोटातला गॅस, विहिरीची जळलेली मोटर, गाभण न राहणारी म्हैस. मागं चौदा माणसं उभी होती. मुलगी हसतच राहिली, कारण तिला पगार हसण्याचाच होता.

बाहेर आल्यावर रेणुका म्हणाली, "मामा, ते विचारायचं म्हणून विचारतात. उत्तर कुणाला नको असतं. हसायचं, 'फाइन' म्हणायचं आणि पुढं जायचं."

"काहीही झालेलं असलं तरी?"

"काहीही झालेलं असलं तरी."

"कळलं," मामा म्हणाला.

रविवारी डग्लसचे वडील हॅरल्ड सगळ्यांना तळ्यावर सहलीला घेऊन गेले. अमेरिकेत सहलीला जाताना माणसं घर बरोबर नेतात. खुर्च्या, टेबल, शेगडी, बर्फाची पेटी, कुत्रा. घरात करतात तेच तिथं करतात, फक्त डास जास्त. हॅरल्ड शेगडीवर मांस भाजत होते. मामा लाकडी धक्क्यावरून मासे बघत होता. बघता बघता तो माशांत पडला.

मामाला पोहता येत नव्हतं. पाणी छातीपर्यंत होतं. हॅरल्ड चिमटा हातात घेऊन धावत आले आणि काठावरून ओरडले, "सोपान! कसे आहात?"

मामा हसला. "फाइन," म्हणाला, आणि पुढं गेला.

पाणी गळ्याला लागलं. "अहो, खरंच कसे आहात?" हॅरल्ड किंचाळले.

"फाइन," मामा म्हणाला, आणि आणखी पुढं गेला. आता फक्त टोपी दिसत होती.

हॅरल्डनी बूट-मोबाइलसकट उडी मारली. मांस जळून गेलं. ते कुत्र्यानंही खाल्लं नाही.

"मामा," गाडीत टॉवेल गुंडाळून बसलेल्या मामाला डग्लस म्हणाला, "संकटात सापडलात तर लाजायचं नाही. दोन्ही हात वर करायचे आणि 'हेल्प!' म्हणून ओरडायचं."

"कळलं."

बुधवारी लोरेनबाईंनी जेवायला बोलावलं. त्यांनी ओव्हनमधून एक पिवळा पदार्थ काढला. त्यात बटाटा होता, मका होता, चीज होतं. मीठ, मिरची, लसूण यांचा त्याच्याशी संबंध आला नव्हता. मामानं पहिल्यांदा वाढलेलं कसंबसं संपवलं. बाईंनी दुसऱ्यांदा वाढलं. ते संपलं तसं तिसऱ्यांदा वाढलं.

मामानं ताटाकडं बघितलं. संकटच होतं. तो उठला, दोन्ही हात वर केले आणि "हेल्प! हेल्प!" म्हणून असा ओरडला की पलीकडच्या घरातून कुणीतरी मदतीला फोन लावला. सहा मिनिटांत आगीचा बंब आला. आपल्याकडं बंब आग विझल्यावर येतो, तिथं लागायच्या आधीच येतो. कुऱ्हाडी घेतलेली चार धिप्पाड माणसं स्वयंपाकघरात शिरली आणि विचारू लागली, "कुठं आहे?"

मामानं ताटाकडं बोट दाखवलं.

 रेणुकानं घरी गेल्यावर डोक्याला हात लावला. "मामा, त्या काहीही समोर ठेवोत. 'वाहवा' म्हणायचं आणि म्हणायचं, मला हे कसं करायचं ते शिकवा. तेवढ्यानं त्या खूश होतील."

"कळलं."

शनिवारी मामा माफी मागायला गेला. बाईंचं मन जरा मऊ झालं होतं. त्यांनी चहा दिला आणि शेकोटीच्या वरच्या फळीवरून एक चिनीमातीचा सुरेख कलश काढून मामासमोर ठेवला. झाकण उघडलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ही माझी आई."

मामानं आत बघितलं. राखाडी भुकटी होती.

"वाहवा!" मामा म्हणाला. "हे कसं करायचं ते मलाही शिकवा."

बाईंनी झाकण लावलं. कलश फळीवर परत ठेवला आणि मामाचा अर्धा चहा उचलून नेला.

यावेळी हॅरल्डनी समजावलं. बिचारे सर्दीनं बेजार होते. "हे बघा सोपान, कुणी गेलं, काही हरवलं अशी गोष्ट निघाली की टोपी काढायची, समोरच्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, फार वाईट झालं."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी डग्लसची बहीण आली, तिच्याबरोबर तिची पाच वर्षांची लेक मेझी. पाहुण्यांसमोर लेकरांना गाणं म्हणायला लावायची खोड अमेरिकेतही आहे, हे बघून मामाला बरं वाटलं. मेझी मधोमध उभी राहिली आणि हातवारे करत म्हणू लागली. गाणं एका उंदराचं होतं. उंदीर होडीत बसला, त्याची टोपी उडाली. टोपी पकडायला वाकला, शेपूट तुटलं. शेपूट शोधायला गेला, होडी बुडाली. बुडबुड, बुडबुड, उंदीरमामा गेले! तिथली बालगीतं सगळी अशीच. कुणी पडतं, कुणी बुडतं, कुणाचं काही मोडतं, आणि पोरं खिदळतात.

शेवटच्या ओळीला मेझीनं गालिच्यावर लोळण घेतली. सगळे टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मामा उठला. त्यानं टोपी काढली. गुडघे टेकून मेझीचा हात धरला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "घरी कोण कोण आहे त्याच्या?"

मेझीनं हे गाणं तोवर दोनशे वेळा म्हटलं असेल. उंदीर मेला, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. ती संध्याकाळपर्यंत रडली. झोपेतही तिनं उंदराच्या आईची चौकशी केली.

"टाळ्या वाजवायच्या हो, मामा!" डग्लसची बहीण म्हणाली. "कुणी काहीही केलं तरी इथं टाळ्या वाजवतात. 'शाब्बास! फार छान केलंत!' असं म्हणायचं."

"कळलं."

लग्न आठवड्यावर आलं. लोरेनबाईंनी घरातलं नको असलेलं सामान दारात मांडून विकायला काढलं. तिथं ही रीत आहे. दर वर्षी माणसं एकमेकांची अडगळ विकत घेतात, त्यामुळं ती गावातच राहते. बाईंना केकवाल्याचा फोन आला, म्हणून त्यांनी दहा मिनिटं मामाला खुर्चीवर बसवलं.

एक माणूस आला. त्यानं गवत कापायचं मशीन बघितलं, इकडंतिकडं बघितलं आणि मशीन ढकलत चालू लागला.

मामा टाळ्या वाजवू लागला. "शाब्बास! फार छान केलंत!"

ते ऐकून दोन बायका थांबल्या. त्यांनी एक आरामखुर्ची उचलली. "शाब्बास!" एकानं हॅरल्डची सायकल नेली, त्याच्यासाठी तर मामानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोरेनबाई बाहेर आल्या तेव्हा अंगणात मामा होता. त्याची खुर्चीही विकायचीच होती, पण तिच्यावर तो बसला होता, म्हणून फक्त तेवढी उरली होती.

बाईंनी डोळे मिटले. दहा आकडे मोजले. मग एका गोऱ्या बाईला जेवढं शांतपणे बोलता येईल तेवढं शांतपणे बोलल्या.

"सोपान, आपली वस्तू दुसऱ्याला देताना तशीच सोडायची नसते. आधी विचारायचं, किती देणार? तो पहिल्यांदा जे सांगेल त्याला हो म्हणायचं नाही. आणखी काय, म्हणून विचारायचं. पटलं तरच वस्तू हातात द्यायची. आणि देताना मोठ्यानं बजावायचं, म्हणजे नंतर भांडण नको."

"काय बजावायचं?"

बाईंनी सांगितलं. मामानं दोनदा म्हणून दाखवलं.

"कळलं," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी हिरवळीवर दीडशे पांढऱ्या खुर्च्या होत्या. रेणुकानं पांढरा झगा घातला होता. तिचा हात धरून मामा फुलांच्या वाटेनं निघाला. त्याला काहीच नीट दिसत नव्हतं. त्याला तापात खांद्यावर झोपलेली नऊ वर्षांची पोर आठवत होती. तो एकदाही अडखळला नाही. पहिल्या रांगेत लोरेनबाईंनी चक्क डोळ्यांना रुमाल लावला आणि हॅरल्डच्या कानात म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो."

पाद्रीबाबांनी विचारलं, "या मुलीला या मुलाच्या हाती कोण देत आहे?"

"मी," मामा म्हणाला. पण हात सोडला नाही. त्यानं डग्लसकडं बघितलं. "किती देणार?"

 पाद्रीबाबा हा प्रश्न पुस्तकात शोधू लागले.

डग्लस पोरगा गुणी होता. तो म्हणाला, "माझ्याकडं आहे ते सगळं."

"आणखी काय?"

डग्लसला घाम फुटला. "माझं घर, माझी गाडी... माझी आई."

मामानं पहिल्या रांगेकडं वळून लोरेनबाईंना एकदा नीट बघितलं.

"आई राहू द्या," तो म्हणाला. "बाकीचं चालेल."

मग त्यानं रेणुकाचा हात डग्लसच्या हातात ठेवला आणि शेवटच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "माल वापरलेला आहे. आहे तसा घ्या. बिघडला तरी परत घेणार नाही!"