वारुणीला वास कसा लागला

पूर्वी कृतयुगात, वेत्रमती नदीच्या उत्तर तीरावर, जिथे पळस-पिंपळांच्या सावलीत हरिणं निर्भयपणे रवंथ करीत आणि होमाच्या धुरानं आकाशसुद्धा न्हाऊन पवित्र झाल्यासारखं दिसे, तिथे हव्यकेतू नावाचा एक महर्षी राहत होता. पत्नी तितिक्षा, लेक ऊर्मिका आणि वृद्ध माता अंबुवती, एवढंच त्याचं कुटुंब. हव्यकेतूचा कंठ असा की त्यानं ऋचा म्हणायला घेतली की अरणीतला अग्नी मंथनाची वाट न पाहता बाहेर येई. आणि तितिक्षा म्हणजे सहनशीलता. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव. सासरच्यांनी ते आयुष्यभर तिच्याकडून वसूल केलं.

त्या काळी मद्याची देवता वारुणी नुकतीच क्षीरसागरातून वर आलेली. देवांनी तिला डोक्यावर घेतलं. रूप पाण्यासारखं नितळ, आणि गंध म्हणाल तर मुळीच नाही. आज जिच्या वासानं नाकाला पदर लावावा लागतो, तिच्या अंगाला तेव्हा कसलाही दर्प नव्हता. कमंडलूत पाणी आहे की वारुणी, हे साक्षात ब्रह्मदेवालाही चाखल्यावाचून कळलं नसतं.

एकदा इंद्रानं मोठा याग केला आणि हव्यकेतूला होता, म्हणजे ऋचा म्हणणारा ऋत्विज, म्हणून बोलावलं. पूर्णाहुती झाल्यावर इंद्रानं रत्नजडित चषक पुढे केला. "मुनिवर, श्रमपरिहारार्थ एक घोट. देवांचा मान मोडू नका." मुनिवरांनी मान मोडला नाही. पहिला घोट देवांच्या मानाखातर, पुढचा थकवा आला म्हणून, मग आनंद झाला म्हणून, मग दुःख झालं म्हणून. पुढे तर कारण सांगण्याचे कष्टही त्यानं सोडले. शेवटी सकाळी हात कापतात म्हणून तो पिऊ लागला, आणि पितो म्हणून हात कापू लागले. डोळ्यांत हळद उतरली, पायांच्या काड्या झाल्या, पोट घागरीसारखं फुगलं. ज्या कंठासाठी देव खाली येत, तो कंठ अर्धी ऋचा गिळू लागला. संध्याकाळी लेकीला नाही नाही ते बोलायचं आणि सकाळी भोळ्या चेहऱ्यानं विचारायचं, "ऊर्मिके, तू अशी का गप्प?"

अंबुवती म्हणे, "माझा पोर इंद्राच्या पंक्तीला बसणारा! घरात शांती असती तर त्यानं बाहेर काही शोधलं असतं का?"

"घरात शांतीच आहे, सासूबाई," तितिक्षा म्हणे. "तोंड उघडायची कोणाची छाती आहे?"

शेजारच्या ऋषिपत्नी येत. कोणी म्हणे वडाला फेऱ्या घाल, कोणी म्हणे निर्जळी उपास धर. पिणारा तो, आणि उपाशी मरायचं हिनं! तरी तिनं तेही केलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिनं त्याला झाकलं. शिष्य आले की "गुरुजी ध्यानात आहेत." यजमान आले की "गुरुजींचं मौन आहे." ध्यान कसलं, तो ओसरीमागे तोंड उघडं टाकून घोरत असे.

यज्ञात एक रीत असते. पती आहुती देताना पत्नीनं त्याच्या उजव्या हाताला आपला हात लावायचा. आजही पूजेत भटजी "हाताला हात लावा" म्हणतात, तीच. तितिक्षा नुसता हात लावीत नसे. पदराआडून ती त्याचं मनगट आवळून धरी, म्हणजे तूप वाहायची लाकडी पळी, ती स्रुवा, डगमगत नसे. तो अडखळला की ती ओठांतल्या ओठांत पुढचा शब्द पुरवी. बघणारे म्हणत, काय हे दांपत्य! जणू एका देहाचे दोन हात! खरंच होतं ते. दोन्ही हात तिचेच होते.

एका वैशाखातल्या दुपारी ऊर्मिका समिधांची मोळी घेऊन आली. घशाला कोरड पडलेली. ओसरीवर बापाचा कमंडलू दिसला. पोरीनं तो उचलला आणि घटाघटा रिकामा केला. वास नाही, रंग नाही. पाणी नाही हे तिला कळणार कसं? मोळी सुटली, डोळे पांढरे झाले, पोर ओसरीवरून खाली कोसळली. तितिक्षा धावली. तिनं लेकीला कुशीवर वळवलं, तोंडातली घाण बोटानं काढली, श्वासावर कान ठेवला. तेवढ्यात बाजूला पडलेला हव्यकेतू जागा झाला. त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते कमंडलूकडे.

"माझा कमंडलू कोणी रिकामा केला?"

एवढंच बोलला तो. पुढ्यात लेक पडलेली.

सूर्य कलला तेव्हा ऊर्मिकेनं डोळे उघडले. पहिला शब्द काढला तो असा: "आई, तात ओरडतील का गं?"

त्या शब्दासरशी तितिक्षेच्या आत इतकी वर्षं राखेखाली घातलेलं सगळं पेटलं. तिनं तो कमंडलू दगडावर आपटून चेचला. हव्यकेतू शुद्धीवर येऊन रडला, लेकीच्या पायांशी बसला, म्हणाला, "या सूर्याची शपथ, उद्यापासून थेंब घेणार नाही."

"मागच्या वेळी कोणाची शपथ होती?" तितिक्षा म्हणाली. "सूर्य तर हाच होता."

दुसऱ्या दिवशी दुसरा कमंडलू आला.

पुढे राजा सुवर्चसानं राज्याच्या समृद्धीसाठी महायज्ञ मांडला आणि हव्यकेतूला मुख्य आसनावर बसवलं. राजाचा नियम कडक होता. ज्याच्या हातून यज्ञ बिघडेल, त्यानं कुटुंबासह राज्याबाहेर चालतं व्हायचं. निघताना हव्यकेतू पत्नीला काकुळतीनं म्हणाला, "आजच्या दिवस माझा हात घट्ट धर. लेकीसाठी तरी."

तितिक्षा पदर खोचून पुढे चालू लागली.

यज्ञमंडप केळीच्या खांबांनी, आम्रपल्लवांच्या तोरणांनी सजला होता. ऋषी, अमात्य, सामंत यांनी सभा नक्षत्रांनी भरलेल्या आकाशासारखी भरून गेली होती. ज्वाळा पुरुषभर उंच उठल्या. हव्यकेतूनं स्रुवा उचलली. तितिक्षेनं हात लावला. तिच्या बोटांना ती थरथर लागली, आणि तिच्या कानात लेकीचा तो प्रश्न उठला. सगळ्या सभेच्या देखत तिनं हात काढून घेतला.

स्रुवा वाऱ्यातल्या पानासारखी हलली. तूप वेदीबाहेर सांडलं. पुढचा शब्द पुरवायला कोणी नव्हतं. मंत्र मध्येच तुटला, स्रुवा हातातून गळून पडली आणि अग्नी फुत्कारून खाली बसला.

"धिक्कार! धिक्कार!" दंडायन ऋषी सर्वांत आधी गरजले. "ब्रह्मवृंदाला हा कलंक!" मागोमाग सगळी सभा ओरडली.

राजा उठून म्हणाला, "ऋषिपत्नी, तू हात का काढलास?"

"कारण हा हातच पाप करीत होता, राजा!" तितिक्षा कडाडली. "इतकी वर्षं तुम्ही याचा मंत्र ऐकलात, तो माझा होता. तोल पाहिलात, तो माझा होता. माझा नवरा वारुणी पितो. तो मरतो आहे, आणि मी त्याचं प्रेत उभं करून तुम्हाला महर्षी म्हणून दाखवते आहे! माझी लेक पाणी समजून त्याचा कमंडलू प्यायली. आता मी कोणाला झाकणार नाही."

"मनाचा दुबळा!" राजा म्हणाला. "काढा यांना राज्याबाहेर."

"काढा. पण आधी माझा एक जाब उरला आहे." असं म्हणून तिनं नवऱ्याच्या कमरेचा कमंडलू ओढला, भूमीवर पालथा केला आणि वेदीजवळच्या कलशातलं पाणी ओंजळीत घेतलं. "वारुणी, देवांच्या लाडके, बाहेर ये!"

सांडलेल्या मद्यातून वारुणी वर आली; रक्तवस्त्रा, मदानं डोळे फिरलेली, ओठांवर हसू. "मला का बोलावतेस, साध्वी? मी कोणाच्या घशात उडी मारत नाही. लोकच हात पुढे करतात."

"विचारते त्याची उत्तरं दे. खोटं बोललीस तर हे पाणी सुटेल. तू दुबळ्यांनाच धरतेस का?"

"दुबळा, बळकट मी पाहत नाही. पुष्कळ जण मला भेटतात आणि निघून जातात. काहींच्या रक्तात मी घर करते. कोणाच्या, ते आधी मलाही कळत नाही."

"बायकोच्या तोंडामुळे पितात म्हणे."

वारुणी खदखदून हसली. "तुझ्यामुळे तो पीत नाही. आणि तुझ्या उपासांनी थांबणारही नाही." सभेत बसलेल्या अंबुवतीनं मान खाली घातली.

"एकाच घोटावर राहीन, असं म्हणतो."

"ज्याला मी धरलं, त्याला एक घोट नसतो. त्या घोटात मी संपूर्ण असते."

"मग आज, या क्षणाला तोडलं तर?"

"तर सावध राहा. मी सहज जात नाही. घाम, कापरं, नसलेले साप दिसतात. झटके येतात, प्राणही जातात. कोंडून ठेवू नकोस, वैद्याच्या नजरेखाली ठेव. आणि बरा झाला तरी मी रोज तुमच्या दारावरून जाईनच. तो माझा रस्ता आहे."

तितिक्षेनं ओंजळ वर उचलली. "तू नाहीशी हो असं मी म्हणत नाही, वैद्याच्या मात्रेत तुझा थेंब कामाला येतो. पण तू पाण्याचं सोंग घेऊन माझ्या लेकीच्या पोटात शिरलीस! म्हणून ऐक. आजपासून तुझ्या अंगाला दर्प सुटेल. उतरताना तू घसा जाळशील. ज्याच्या पोटात जाशील, त्याच्या श्वासातून, घामातून तुझी तूच दवंडी पिटशील. तुला झाकणारी कोणी बायको खोटं बोलली, तर ते खोटं तिच्या दारातच उघडं पडेल!"

आणि तिनं ओंजळ सोडली.

आधी हव्यकेतूच्या बाजूनं वास आला. मग, सभेला काही कळायच्या आत, पहिल्या रांगेतून आला. दंडायन ऋषींनी झटकन उत्तरीय तोंडावर दाबलं. अमात्य खोकल्याचं निमित्त करून खाली वाकले. दोन सामंत एकमेकांपासून दूर सरले आणि तिसऱ्याच्या जवळ गेले, तर तिथेही तेच. सिंहासनाच्या बाजूनं एक झुळूक आली तेव्हा राजा चवरी ढाळणाऱ्या दासीवर खेकसला, "वारा घालणं थांबव!"

तितिक्षा हसली. असं हसणं कोणी ऐकलं नव्हतं. "मग कोणाला हद्दपार करता, महाराज? आणि वाट दाखवायला पुढे कोण चालणार?"

आता वारुणीही हसत नव्हती. नवा दर्प अंगाला लागलेली ती म्हणाली, "तुझा शाप मी घेतला. पण माझ्याशी इतकं खरं बोलणारी तूच पहिली, म्हणून एक वर देते. जो मला झाकणार नाही, चारचौघांत स्वतःच्या तोंडानं म्हणेल, 'ही माझ्याहून बळकट आहे, मला धरा,' त्याच्यावर त्या दिवसापुरती माझी सत्ता चालणार नाही."

"त्या दिवसापुरतीच?"

"उद्याचं त्यानं उद्या पुन्हा म्हणावं." एवढं बोलून ती अदृश्य झाली.

सगळी सभा हव्यकेतूकडे पाहत होती. तो गुडघ्यांवर आला आणि कापऱ्या ओठांनी म्हणाला, "ही माझ्याहून बळकट आहे. मला धरा." पहिला पुढे आला तो दंडायन, तोंडावरचं उत्तरीय काढून.

राजानं हद्दपारीचा शब्द मागे घेतला. कोणत्या तोंडानं पुढे नेणार होता? अरण्यातला वैद्य आश्रमात येऊन राहिला. हव्यकेतू साप साप म्हणून किंचाळला, अंथरूण भिजेपर्यंत घामेजला. त्याचं अंग पुसायला या वेळी अंबुवती बसली, आणि तितिक्षा लेकीला घेऊन नदीवर गेली. थरथर ओसरल्यावर तो रोज वडाखाली जाऊन बसू लागला. दंडायन येत, अमात्य येत, मुकुट घरी ठेवून राजाही येई. जो तो आपलं खरं बोले आणि घरी जाई.

शरदात तो एकदा घसरला. भरदिवसा आश्रमाच्या दारात उभा राहिला आणि वास पोचायच्या आत म्हणाला, "ऊर्मिके, मी प्यायलो. आत येऊ का?"

"आधी वडाखाली जा, तात. तिथे सांगा, मग या," ती म्हणाली. तितिक्षेनं आतून एक मडकं अंगणात फेकून फोडलं. फोडू दे. वैद्य तिला म्हणाला, "आई, ताप उलटतो कधीकधी. औषध टाकून द्यायचं नसतं." हव्यकेतू वडाखाली गेला, सांगून आला. पुन्हा तो प्यायला नाही. प्रत्येक दिवस नवा धरत गेला.

वर्षं गेली. डोळ्यांतली हळद उतरली, पण कंठ पहिल्यासारखा झाला नाही. विसरलेल्या काही ऋचा विसरल्याच. ज्या राहिल्या होत्या, त्या त्यानं ऊर्मिकेला शिकवल्या, आणि पुढे दूरदूरच्या यज्ञांतून तिला होता म्हणून निमंत्रणं येऊ लागली. वारुणी अजूनही त्या रस्त्यानं जाते, सगळ्यांच्याच दारावरून जाते. पण तिचा वास आधी येतो, एवढं तितिक्षेनं जगाला मिळवून दिलं.

एका दुपारी तितिक्षा जेवून जराशी आडवी झाली आणि गाढ झोपली. कोणाच्या पावलांकडे कान नाही, कोणाला झाकायचं नाही, कोणाची वाट नाही. अंगणात शिष्यांचा गलका उठला तेव्हा हव्यकेतू ओठांवर बोट ठेवून बाहेर आला. "हळू रे," तो म्हणाला, "ती झोपली आहे." जी झोप तितिक्षेला लागली, ती घरोघरच्या लेकीसुनांना लागो.