दवाखान्याच्या खात्याला लागलेलं कुलूप

"पण स्वामीजी, चोर आत शिरायच्या आधी त्याला पकडायचं कसं?"

कौस्तुभने मान वर न करताच विचारलं. बोटं कीबोर्डवर होती आणि कपाळावर घाम.

निरामयानंद स्वामी दारातच उभे होते. भगव्या छाटीतला हा माणूस पूर्वाश्रमी एका बँकेचा डेटाबेस सांभाळत असे. संन्यास घेतला, तर मठाने आपल्या धर्मादाय दवाखान्याचा डेटाबेस त्यांच्या गळ्यात घातला. प्रारब्ध चुकत नाही ते असं.

कौस्तुभ तगारे हा त्यांचा शिष्य. पुण्याहून सेवेला आलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे झोपेतही न विसरणारा. स्वामींचा त्याच्यावर फार जीव होता. म्हणूनच ते त्याला फारसं काही शिकवायला जात नसत.

त्या सकाळी कौस्तुभने खरं तर चांगलंच काम केलं होतं. दवाखान्यातली सगळी यंत्रं 'दवाखाना' या एकाच खात्याने डेटाबेसमध्ये शिरत, आणि त्या खात्याचा पासवर्ड कित्येक वर्षांत कोणी बदलला नव्हता. त्याने तो बदलला. टेबलाटेबलावर जाऊन नवा पासवर्ड स्वतः घातला. कोणाला विचारण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलं नाही.

तेव्हापासून कोणीतरी त्याच खात्याने, चुकीचा पासवर्ड देऊन, आत यायला बघत होतं. चार-दोन चुका झाल्या की डेटाबेस ते खातं आपोआप बंद करी, आणि खातं बंद झालं की सगळा दवाखाना दाराबाहेर. कौस्तुभ खातं उघडी, ते लगेच पुन्हा बंद होई. मध्ये एकदा त्याने पासवर्ड आणखी लांबलचक केला आणि सगळ्या टेबलांवरून पुन्हा धावत फिरून आला. काही उपयोग झाला नाही.

वर ऑपरेशनच्या खोलीत एक बाळंतीण खोळंबली होती. तिला रक्त द्यायचं होतं, आणि तिच्या रक्ताचा रिपोर्ट स्क्रीनवर येत नव्हता. तिच्याच आडनावाची आणखी एक बाई त्या दिवशी दाखल होती. कागदावर लिहून आणलेल्या रिपोर्टवर रक्त चढवायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं.

कौस्तुभचा मोबाइल वाजला. त्याने फोन कापला.

"कोण होतं?"

"लॅबमधल्या रेश्माताई. सकाळपासून लावतायत. रिपोर्ट कुठे अडकले, हेच विचारणार. आधी याला पकडतो, मग त्यांना सांगतो."

स्वामी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले.

"नाव कुठलं सांगतो हा तुझा चोर?"

"एकच. 'दवाखाना'."

"दुसरं एखादं लावून बघत नाही?"

"नाही."

"आणि येतो केव्हा?"

"ठरल्या वेळाने. जरा थांबतो, परत येतो. आपल्याच नेटवर्कवरून येतोय, म्हणजे आतलंच एखादं यंत्र त्याने ताब्यात घेतलंय. त्या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता सापडलाय मला. आता तोच बंद करून टाकतो."

"इतका नेमाचा चोर..." स्वामी हसले. "बघ हं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचास."

कौस्तुभला ते हसणं आवडलं नाही. वर एक बाई अडकलीय आणि यांना म्हणी सुचतात, असं त्याच्या मनात आलं. आलं, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली.

मोबाइल पुन्हा वाजला. त्याचा अंगठा लाल खुणेकडे गेला.

स्वामींनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने फोन घेतला, हिरवी खूण सरकवली आणि तो त्याच्या कानाला लावला.

"दादा, कापू नगासा," रेश्माताई म्हणाल्या. "रिपोर्टचं न्हाई विचारत मी. रक्त तपासायच्या मशीनमागं ती काळी डबी हाय बघा, तिचा लाल दिवा लुकलुकतोय. तुम्ही पासवर्ड बदलल्यापासनं. तेवढंच सांगायचं हुतं सकाळधरनं."

कौस्तुभने स्क्रीनवरचा पत्ता पुन्हा वाचला. तो लॅबमधलाच होता.

त्या डबीला ना स्क्रीन होता, ना कीबोर्ड. मशीनकडून रक्ताचा रिपोर्ट घ्यायचा आणि डेटाबेसला पोचवायचा, एवढंच तिचं काम. टेबलाटेबलावरून फिरताना त्याने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती बिचारी जुनाच पासवर्ड सांगत, त्या बाळंतिणीचाच रिपोर्ट घेऊन, आत येऊ बघत होती.

आणि तो तिचा पत्ता बंद करायला निघाला होता.

लॅपटॉप काखेत मारून तो लॅबकडे धावला. डबीला लॅपटॉप जोडून त्याने नवा पासवर्ड घातला आणि खातं उघडलं. या वेळी ते उघडंच राहिलं. थोड्याच वेळात वरून निरोप आला, रिपोर्ट नावानिशी दिसतोय, रक्त लावलंय. रेश्माताईंनी त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि त्यांनी आपल्यातला अर्धा चहा त्याच्यापुढे सरकवला.

तो परतला, तेव्हा स्वामी त्याच स्टुलावर बसलेले होते. तो त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"चुकलो, स्वामीजी."

स्वामींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता...

पण कौस्तुभ तो कौस्तुभच. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"नियम तर हवाच ना? उद्या खरा चोर आला तर? चुकीचा पासवर्ड किती वेळा चालवून घ्यायचा, तीनदा की पाचदा?"

"चोराला तीन पुष्कळ झाले."

"आणि आपल्या माणसाला?"

स्वामी उठले. छाटी सावरत दारापर्यंत गेले...

"तू खुर्चीतून उठून त्याला बघून येईपर्यंत."