भोक पडल्यावर या

त्या राज्यात नवी भांडी घडणं जवळजवळ थांबलं होतं आणि जुनी भांडी काही केल्या मोडत नव्हती. म्हाताऱ्या पितळेवरची कल्हई लवकर उडते. त्यामुळे सरकारी भट्टीवरची रांग दरवर्षी वाढत गेली आणि कल्हईसाठी लागणारं कथील कोठारात कमी होत गेलं.

यावर सभा बसली. अध्यक्ष होते घंगाळसाहेब. त्यांच्यात जन्मभर आंघोळीचंच पाणी असल्यामुळे त्यांना कल्हई कधी लागलीच नव्हती. चार बैठकांनंतर त्यांनी ठरवलं, की भोक पडलेल्या भांड्यांनाच कथील मिळेल. बाकीच्यांनी जपून राहावं.

आमटीची तपेली त्या दिवशी रांगेतच होती. ती म्हातारी होती, पण धड होती. कल्हई उडाल्यामुळे तिच्यातली चिंचेची आमटी मात्र कळकून हिरवट होऊ लागली होती. एक छोटी वाटी रोज तिच्याकडे जेवायची. त्या आठवड्यात वाटी दोनदा आजारी पडली होती.

भट्टीवरच्या सांडशीने तपेलीला उचलून उजेडात धरलं, फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"आजी, भोक कुठाय?"

"नाही गं. पडू नये म्हणूनच आले."

"मग पडल्यावर या."

भोक बुजवायला किती कथील लागतं, असं तपेलीने विचारलं. दहा कल्हयांचं, असं सांडशीने खरं ते सांगितलं. मग एकाच कल्हईचं आत्ता दे, म्हणजे तुझी नऊ वाचतील, असं तपेली म्हणाली. सांडशीने भिंतीवरचा नियम पुन्हा वाचून दाखवला. वाचताना ती तपेलीकडे बघत नव्हती.

तपेली आणखी दोनदा येऊन गेली. चौथ्या खेपेला ती वाटीला सोबत घेऊन आली. वाटीच्या काठाला हिरवा डाग चढला होता. सांडशीने डाग पाहिला आणि तपेलीत भोक शोधलं; ते नव्हतंच.

भट्टीबाहेर एक टोकदार दगड होता. तपेलीने वाटीला भिंतीच्या सावलीत ठेवलं, तोंड पलीकडे करून बस म्हणाली, आणि त्या दगडावर बूड आपटलं. तीन वेळा आपटावं लागलं.

"या आजी, बसा," सांडशी म्हणाली. तिने भोक बुजवलं आणि नियमाप्रमाणे आतून कल्हईही करून दिली.

महिनाभरात भट्टीपेक्षा त्या दगडापाशी मोठी रांग लागू लागली. घंगाळसाहेब स्वतः पाहणीला आले. म्हाताऱ्यांचे हाल बघून त्यांना वाईट वाटलं, आणि दगडावर ताबडतोब पत्र्याचं छप्पर घालायचा हुकूम त्यांनी दिला.