टकली टेकडी आणि दोन मोबाईल

टकली टेकडी कुणाची, यावरून उंबरगडचा राजा भैरोजी आणि सावरगडचा राजा तुळाजी यांच्या घराण्यांचं तीन पिढ्या वाजत होतं. टेकडीवर होतं काय म्हणाल, तर निवडुंग, दगड आणि कोंडिबाच्या चार शेळ्या. पण राजेच ते. शेजाऱ्याला हवं म्हटल्यावर आपल्याला नको कसं?

हा कोंडिबा दोन्ही राज्यांच्या मोबाईलात नकाशे भरायचा. भैरोजीनं त्याला दम दिला, टेकडी माझ्या हद्दीत दाखव, नाहीतर गाढवावरून धिंड काढीन. तुळाजीनं निरोप धाडला, माझ्या हद्दीत दाखव, नाहीतर माझ्याकडंही गाढव आहे. कोंडिबानं रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि मार्ग काढला. मोबाईल उंबरगडात घेतलेला असला की टेकडी उंबरगडात दिसायची, सावरगडात घेतलेला असला की सावरगडात. तिसऱ्याच मुलखातल्या माणसानं पाहिलं तर त्याला नुसती तुटक तुटक रेघ. म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

दोन्ही राजे रोज तोंड धुवायच्या आधी मोबाईल उघडायचे, आपली टेकडी बघायचे आणि खुशीत चहा ढोसायचे. दहा वर्षं मजेत गेली.

मग घोळ झाला. भैरोजीची लेक आणि तुळाजीचा लेक, दोघांचं जमलं. त्यांना टेकडीशी काय करायचं होतं? लग्न ठरलं आणि सीमांतपूजनाचा दिवस उजाडला. वऱ्हाड हद्दीवर आलं की मुलीकडच्यांनी सामोरं जायचं, नवरदेवाला पाटावर उभा करून पाय धुवायचे, मग मानानं गावात न्यायचं. रीतच तशी.

पण हद्द कुठं?

टेकडीच्या उगवतीला उंबरगड, मावळतीला सावरगड. भैरोजीनं मोबाईल बघितला आणि टेकडी ओलांडून मावळतीच्या पायथ्याशी मांडव घातला. कोंडिबाची लेक भिवरा पाट घेऊन उभी राहिली. वऱ्हाड आलं, आणि न थांबता निघालं की पुढं! भैरोजी घोड्याला आडवा गेला.

तुळाजी म्हणाला, "व्याही, सरका. अजून आमचाच मुलूख चाललाय. तुमची हद्द टेकडीच्या पल्याड."

"डोळे फुटले का तुमचे? हा बघा मोबाईल."

"तुम्ही हा बघा."

दोन मोबाईल शेजारी शेजारी धरले गेले आणि सनईवाल्याची फुंक गालातच राहिली. एका नकाशात टेकडी इकडं, दुसऱ्यात तिकडं. लाडवांच्या परातीशी घुटमळणाऱ्या कोंडिबाला धरून आणलं. तीन पिढ्यांत पहिल्यांदा दोन्ही राजांचं एकमत झालं. उजवीकडचं डोकं भैरोजी भादरणार, डावीकडचं तुळाजी, आणि मग गाढव. सुटायचं असेल तर दिवस बुडायच्या आत दोन्ही मोबाईलात एकच रेघ काढायची. कशी? भैरोजी म्हणाला, टेकडी माझ्याकडं ठेवून. तुळाजी म्हणाला, माझ्याकडं ठेवून. न्हाव्यानं वस्तरा घासायला घेतला. नवरदेव घोड्यावर घामाघूम. लग्न मोडल्यातच जमा.

भिवरानं पाट खाली ठेवला.

"महाराज, भांडण तर होईलच. पण व्याहीभेट राहिली की. भेटीआधी भांडलात तर वऱ्हाडी म्हणतील, राजांना रीत ठाऊक नाही."

दोघांच्या वर्मी बसलं. शाली आल्या, नारळ आले, दोघांनी एकमेकांना पाठ मोडेल अशी मिठी मारली. भिवरा हळूच म्हणाली, शाल-नारळ तर आमच्यातला सोमा कोष्टीपण देतो. राजानं जिवाजवळची चीज द्यावी. पण जाऊ दे, तेवढं काळीज कुठलं असायला.

हे तिनं भैरोजीकडं बघून म्हटलं. भैरोजी तापला. रत्नं जडवलेला आपला मोबाईल त्यानं तुळाजीच्या हातावर आपटला. तुळाजी काय मागं राहतोय? त्यानं सोन्याचं कवच घातलेला आपला मोबाईल भैरोजीच्या हातावर ठेवला. वऱ्हाडानं टाळ्या पिटल्या. आहेर झाला, आता परत मागायची सोय नाही.

सवयीप्रमाणं दोघांनी आधी टेकडी उघडली.

भैरोजी गोरामोरा झाला. हातातल्या नकाशात टेकडी सावरगडची, आणि तो मांडव घालून बसलेला थेट व्याह्याच्या अंगणात. "माफ करा, व्याही," तो म्हणाला, "न विचारता आत शिरलो."

तुळाजीही खाली बघत होता. त्याच्या हातातली टेकडी उंबरगडची होती, आणि हद्द नेमकी घोड्याच्या नाकासमोर. "तुम्ही कसली माफी मागता? मीच तुमच्या दारात घोडा दामटत होतो. उतर रे, आणि नमस्कार कर सासऱ्यांना."

दोघंही एकमेकांचे पाहुणे झाले. मग काय, तुम्ही बसा, आधी तुम्ही बसा. भिवरानं तेवढ्यात पाट मांडला, भैरोजीच्या राणीसाहेबांनी नवरदेवाचे पाय धुतले, सनईवाल्यानं गालातली फुंक सोडली.

उष्टा लाडू हातात घेऊन भैरोजी भिवराजवळ आला. "पोरी, खरं सांग. हद्द आहे तरी कुठं?"

"पाट मांडला तिथं, महाराज. आज रात्री पाट घरी नेते. उद्याचं उद्या बघू."

भैरोजी इतका हसला की लाडू सांडला. तुळाजी पोट धरून खाली बसला. कोंडिबाला सोडलं, न्हाव्याला नवरदेवाच्या दाढीला लावलं, आणि दोन्ही राजांनी विचारलं, काय बक्षीस देऊ?

भिवरानं टेकडी मागितली. शेळ्या चारायला.

"देऊ की," तुळाजी डोळे पुसत म्हणाला. "पण मग नकाशात ती कुणाची दाखवायची?"

"उंबरगडच्या मोबाईलात उंबरगडची दाखवा, सावरगडच्यात सावरगडची," भिवरा म्हणाली. "माझ्या शेळ्यांकडं मोबाईल नाही."