रिकामी बसलेली प्रोसेस

एका नदीकाठच्या गावात एक निरोपकेंद्र होतं. धरणाच्या कचेरीचे, दुकानदारांचे, लग्नकार्यांचे सगळे निरोप तिथल्या सर्व्हरवरून लोकांच्या फोनवर जात. सर्व्हरमध्ये बऱ्याच प्रोसेस, म्हणजे आपापलं काम उरकणारे छोटे प्रोग्राम, चालत. आलेले निरोप रांगेत लागत आणि या प्रोसेस एकेक निरोप उचलून पुढे पाठवत. त्यातली एक मात्र फक्त धरणाच्या निरोपांसाठी राखलेली होती. उन्हाळ्यात भोई मंडळी नदीच्या कोरड्या पात्रात कलिंगडाच्या वाड्या लावत. पाणी सुटणार असलं की आधी फोन वाजायचा आणि माणसं-जनावरं काठावर यायची. त्या एका निरोपावर त्यांचा जीव अवलंबून होता.

केंद्राचे प्रमुख विश्राम टिपणीस. कुणी रिकामं बसलेलं दिसलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. रिकाम्या खुर्चीवरसुद्धा चिडायचे, असा माणूस!

अक्षय्यतृतीयेला गावच्या सराफाने घडणावळीवरच्या सवलतीचे ढीगभर निरोप पाठवले. रांग हलेना. सराफ फोनवर खेकसला, "मुहूर्त टळल्यावर पोचवणार का?"

टिपणीसांनी पडद्यावर पाहिलं. बाकीच्या प्रोसेसना दम खायला फुरसत नव्हती आणि धरणाची तेवढी स्वस्थ बसली होती.

"ही कोण जहागीरदारीण? फुकट बसून खातेय!"

"साहेब, ती मोकळी असते म्हणूनच वेळेला उपयोगी पडते," शेजारी काम करणारी ललिता म्हणाली. "तिला हात लावू नका."

"मला शिकवू नका!" टिपणीस कडाडले. त्यांनी सेटिंग बदललं आणि ती प्रोसेस सगळ्या निरोपांना खुली करून टाकली. साडेतीन मुहूर्तांतल्या एका मुहूर्तावर या गृहस्थाने असला उद्योग केला.

दुपारी धरणाने पाणी सोडलं. त्याआधी निरोप पाठवला होता, पण तो सराफाच्या निरोपांमागे मुकाट उभा राहिला.

संध्याकाळी गंगूबाई भोई चिखलाने माखलेल्या लुगड्यानिशी केंद्रात शिरली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून तिने टेबलावर आपटला.

"वाच. मोठ्यानं वाच."

टिपणीसांनी वाचलं. आधी घडणावळीवर सूट. त्याखाली, 'पाणी सोडत आहोत, पात्राबाहेर या.'

"ह्ये वाजलं तवा मी बाभळीला धरून लोंबकळत हुते! नवरा कसाबसा काठाला लागला. वाडी गेली. बैल दाव्यालाच बुडाला, दावं सोडाया सवड न्हाई मिळाली. सराफाच्या सोन्यामागं आमचा जीव रांगंत हुबा केलास व्हय रं?"

आयुष्यभर जगावर काढलेला राग आज टिपणीसांवरच उलटला होता. त्यांनी सेटिंग पूर्ववत केलं. तेवढ्यात सराफाचा फोन आला, "अहो, माझे अर्धे निरोप राहिलेत!"

"राहू देत!" टिपणीस किंचाळले. "बुडालेला बैल परत आणून देणार आहात का तुम्ही?" आणि त्यांनी फोन आदळला.

गंगूबाईने आपला फोन उचलून पुन्हा पिशवीत गुंडाळला.

"तुझा राग आता काय चाटायचाय?" ती म्हणाली आणि निघून गेली.

तात्पर्य: संकटासाठी राखलेला हात रिकामाच असावा लागतो, त्याला भलत्या कामाला जुंपणारा चूक करतो आणि बुडतो तो दुसराच.