चांदीचे दांडे

निळकोटच्या उदाजीराजांची सायकल थांबत नव्हती.

कारण होते ब्रेकचे दोन नवे दांडे. चांदीचे, मोराची नक्षी असलेले, नजराणा म्हणून आलेले. राजांनी जुने लोखंडी दांडे काढून ते बसवून घेतले आणि पहिल्याच दिवशी राजवाड्याच्या उतारावरून सायकलसकट गुरांच्या हौदात गेले.

दस्तगीर मिस्त्रींना बोलावणे आले. ते म्हणाले, दांडे उत्तम, ब्रेकही उत्तम, पण दोघांचे जमत नाही. हा दांडा दाबला की अर्धे बोटच तार ओढली जाते. ब्रेकची रबरे चाकाला टेकायला पुरे बोटभर तार ओढावी लागते.

‘जमत नाही’ हे ऐकायची राजांना सवय नव्हती. त्यांनी हुकूम दिला की दांडे बदलायचे नाहीत, ब्रेकही बदलायचे नाहीत. उद्या सकाळी चांदीचे दांडे दाबल्यावर सायकल थांबली नाही, तर मिस्त्रींचे दुकान कायमचे बंद!

मिस्त्री न जेवता बसून राहिले. त्यांची मुलगी शमा दुकानात चाकांचे आरे सरळ करायची. तिने एवढेच विचारले, “अब्बा, राजे सायकलवर एकटे फिरतात का?”

एकटे कसे फिरतील? रिवाजच होता. दोन हुजरे मागे धावायचे, एक छत्री घेऊन आणि एक पाण्याचा तांब्या घेऊन.

“मग जेवून घ्या,” शमा म्हणाली आणि हुजऱ्यांना भेटायला गेली.

सकाळी राजे उताराला लागले. हौद जवळ येताच त्यांनी दोन्ही दांडे दाबले. ट्रिंग ट्रिंग! दांड्यांच्या तारांना जोडलेल्या दोन घंट्या वाजल्या. हुजऱ्यांनी छत्री आणि तांब्या टाकून मागून कॅरियर घट्ट धरले. सायकल हौदापासून हातभर अंतरावर थांबली.

राजांनी वळून पाहिले. “हे काय? ब्रेक कुठंय?”

“मागं धावतोय, सरकार,” हौदापाशी उभी असलेली शमा म्हणाली.

राजांच्या मिशा थरथरल्या. शमाने खाली मान घालून पिशवीतून जुना लोखंडी दांडा काढला.

“अर्ध्या बोटात घंटीच वाजते, सरकार. ब्रेकला लागतं ते पुरं बोट या दांड्यात आहे. आता ब्रेकला रोज तेल घालायचं की जेवण, ते आपण ठरवावं.”

धापा टाकणाऱ्या हुजऱ्यांकडे पाहून राजे असे हसले की सायकलवरून उतरावे लागले.

लोखंडी दांडे पुन्हा ब्रेकला लागले आणि चांदीचे घंट्यांना राहिले. दस्तगीर मिस्त्री राजांचे सायकलमिस्त्री झाले. शमाला राजांनी नवी सायकल दिली.

तिने मुजरा केला, आणि सायकल घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले.