बेंबीखालचं जठर

"मग दोष कोणाचा, बाबा? त्या मांसाच्या तुकड्याचा?"

तळ्याकाठच्या आपल्या झोपडीच्या ओट्यावर यासीनबाबा घोंगडी पांघरून बसले होते. सकाळचं धुकं असं दाट, की तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते उमगू नये.

डॉक्टर हुपरीकरांना आपलाच आवाज पाण्यावरून आल्यासारखा वाटला. त्यांच्या हाताला यश आहे, असं सारा तालुका म्हणे. ते स्वतःही म्हणत. गेले तीन दिवस मात्र त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"कसला तुकडा?" बाबांनी विचारलं.

"जठराचा. मैना म्हणून आठ वर्षांची पोर आहे. तिच्या आतड्याला जन्मापासूनच एक पिशवी होती, आणि त्या पिशवीत हा. नखाएवढा."

"काय करत होता तिथे?"

"जठर करतं तेच. आम्ल सोडत होता. जठराला ते सोसतं, आतड्याला सोसत नाही. शेजारचं आतडं जळत गेलं, रक्त जात राहिलं... शेवटी भोक पडलं."

"म्हणजे बिचाऱ्यानं आपलं काम इमानानं केलं."

"हो... जागा तेवढी चुकली."

धुक्याआड एक पाणकोंबडी ओरडली, आणि पुन्हा सगळं निवांत झालं.

"पोर?"

"वाचली. तेवढं आतडं काढलं, उरलेलं जोडलं. काल तिनं मऊ भात खाल्ला."

"मग तुझी झोप का उडाली?"

डॉक्टरांनी नजर पाण्याकडे वळवली.

"तिची आई, शेवंता, आधी दोनदा तिला घेऊन आली होती. म्हणाली, साहेब, परसाकडेला काळं रक्त जातंय, बेंबीच्या खाली आग होते म्हणते पोर. मी दुर्बीण घालून जठर पाहिलं. स्वच्छ होतं. मी हसलो, बाबा. म्हटलं, बाई, तू मला शिकवतेस? बेंबीखाली जठर नसतं. जा घरी."

"आणि होतं."

"होतं..."

"शेवंताला सांगितलंस हे?"

"शुद्धीवर आल्यावर पोरीनं पाणी मागितलं. तशी शेवंतानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, तुम्ही देव आहात."

"आणि तू?"

"...ठेवू दिलं."

बाबांनी डोळे मिटले. ओट्यावरून धुकं सरकत गेलं, जणू झोपडीच पाण्यावर तरंगत चालली होती. डॉक्टर ओट्याखाली गुडघ्यांवर बसले आणि बाबांच्या पायांवर डोकं टेकायला वाकले.

बाबांनी हलकेच पाय घोंगडीत ओढून घेतले.

"तुला हवे ते पाय इथे नाहीत, बाळ."